मुंबईतून आयईटीएफच्या मीटिंगला ऑनलाइन बसायचंय? मग हे वाचा

आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल (कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम) ठरवणारी मंडळी, वर्षातून तीनदा मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये जगात कुठेतरी जमतात. मेंबरशिप वगैरे भानगड नाही, कंपनीचं पत्र लागत नाही, कोणीही स्वतःच्या नावाने बसू शकतं. ऑनलाइनची फी आहे, पण परवडत नसेल तर रजिस्टर करतानाच फी माफीचा पर्याय निवडता येतो, लाजू नका.

आधी डेटाट्रॅकर नावाच्या आयईटीएफच्या वेबसाइटवर अकाउंट काढा, मग रजिस्ट्रेशन. आणि आठवडाभर सगळंच ऐकायचा हट्ट धरू नका, डोकं भंजाळेल. एकच वर्किंग ग्रुप (एका विषयावर काम करणारा गट) पकडा, त्याचा अजेंडा उघडा आणि त्यात ज्या ड्राफ्टवर, म्हणजे प्रस्तावाच्या मसुद्यावर, चर्चा आहे तो वाचून काढा. नवे ड्राफ्ट टाकायची मुदत मीटिंगच्या साधारण दोन आठवडे आधीच संपते, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो आणि खरं सांगायचं तर ड्राफ्ट वाचून आलेला माणूस खोलीत बसलेल्या अर्ध्या लोकांच्या पुढे असतो.

वेळेचं गणित नीट बघा. सॅन फ्रान्सिस्कोला नोव्हेंबरमध्ये मीटिंग असली तर तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा, आणि तिथलं संध्याकाळी पाचचं सेशन आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, म्हणजे मीटिंग करून लोकल पकडायची की सुट्टी टाकायची ते आधीच ठरवा. व्हिएन्नाला जुलैत असली तर तेच साडेनऊ दुपारी एकला येतात, ऑफिसमधल्या लंच टाइमला. तिकडे घड्याळं पुढेमागे करतात, आपण करत नाही, म्हणून मागच्या वेळचा फरक डोक्यात धरून बसू नका.

मीटिंग चालते मीटेको नावाच्या टूलवर, ब्राउझरमध्येच उघडतं. मीटिंगआधी टेस्ट करायची सोय असते, ती चुकवू नका. हेडफोन लावाच, लॅपटॉपच्या माईकवर पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या रिडेव्हलपमेंटचं ड्रिल सगळं जगाला ऐकू जातं. जुलैत पावसात वायफाय बसलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

आता मेन गोष्ट, बोलायचं कसं. हात वर करायचं बटण दाबलं की तुम्ही रांगेत लागता, पण त्याने माईक चालू होत नाही, ते बटण वेगळं आहे, चेअरने, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्याने, नाव घेतलं की दाबायचं. खोलीतल्या लोकांचीही रांग हीच असते, म्हणून प्रेझेंटेशन संपायची वाट बघत बसलात तर नंबर लागेपर्यंत वेळ संपलेली असते, प्रश्न सुचला की हात वर करा. आधी नाव सांगा, मग एकच मुद्दा, दोन-तीन वाक्यात. "ड्राफ्टच्या चौथ्या सेक्शनमध्ये टाइमआउट झाला तर क्लायंटने काय करायचं ते लिहिलेलं नाही" इतकं नेमकं बोललात की समोरचा लगेच वही काढतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, तिथे निम्म्या लोकांचं तसंच असतं. बोलायचं धाडस होत नसेल तर चॅटवर लिहा आणि माईकवर वाचून दाखवायची विनंती करा.

जे बोलाल ते रेकॉर्ड होतं आणि सगळ्यांसाठी खुलं असतं, त्यामुळे ऑफिसमधली गुपितं नकोत. पेटंटचा विषय असेल तर नोट वेल नावाचे आयईटीएफचे नियम आधी वाचा. मीटिंगमध्ये हात वर करून कल बघतात (रांगेचं बटण वेगळं, हे वेगळं), पण ती मतमोजणी नव्हे, आणि शेवटचा निर्णय नंतर ग्रुपच्या मेलिंग लिस्टवर ईमेलने पक्का होतो. मीटिंग चालू असताना सगळे मिळून जे नोट्स लिहितात ते मात्र उघडून बघा, तुमचा मुद्दा अर्धवट किंवा नाव भलतंच पडलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.