सोलापुरात राहून मनोरंजन कायद्याची वकिली

एलएल.बी. पूर्ण करून सनद घेतलेली मुलं मला विचारतात, मनोरंजन आणि माध्यमांच्या कायद्यात काम करायचं तर मुंबई गाठावीच लागेल का? माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात सोलापुरातच करा. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत इथं गाणी लिहिली जातात, गायली जातात. गड्डा यात्रा जवळ आली की सिद्धरामेश्वरांच्या भक्तिगीतांसाठी स्टुडिओंत धावपळ सुरू होते. आणि गाणं झालं की कागद होतो. आपलं काम तिथंच आहे.

एका गीतकाराने आणलेला करार दीड पानाचा होता. स्टॅम्प पेपर, खाली दोन साक्षीदार, आणि मध्ये हे वाक्य: ‘सदर गीताचे सर्व हक्क रॉयल्टीसह लिहून घेणार यांस दिले असून पुढे कसलीही मागणी करणार नाही.’ मुदतीचा उल्लेख नाही, प्रदेशाचा नाही. सही केली म्हणजे विषय संपला, असं त्या गृहस्थांनी धरूनच चाललं होतं. तसं नाही. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 19 उघडा. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. 2012 च्या दुरुस्तीनं तर गीतकार-संगीतकारांच्या बाजूनं फार मोठं काम केलंय. रॉयल्टीचा समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. तो जाऊ शकतो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे. म्हणून गीतकाराला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद व्हायला सांगणं हा आपल्या सल्ल्याचाच भाग समजा. कलम 18 आणि 19 इतके वाचा की पोटकलमं तोंडपाठ झाली पाहिजेत. बाकीचं हळूहळू जमतं.

दुसरी गोष्ट याच कायद्याच्या कलम 62 ची. कॉपीराइटचा दावा वादी, म्हणजे दावा लावणारा, जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कंपनी अंधेरीत असली तरी अक्कलकोट रोडला राहणारा कवी सोलापुरात दाद मागू शकतो, आणि ही सवलत कायद्यानं मुद्दाम दिलेली आहे. दाव्याचं मूल्य 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक दावा होतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं, त्यामुळे पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटाही वाचतो.

मंगल कार्यालयांचे मालक विचारतील, लग्नात गाणी वाजवायला परवाना लागतो का? कलम 52 मध्ये वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. हॉटेलातल्या 31 डिसेंबरच्या कार्यक्रमाला ती नाही.

सेन्सॉरचं काम इथं क्वचित येतं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटांच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन टप्पे झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मर्यादा गेली, एवढं माहीत असलं तरी चालतं.

आवाजाचा प्रश्न मात्र आत्ताच शिकून घ्या. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. एवढ्या मोठ्या गायकाला कोर्टात जावं लागतं, तर आपल्या भजनी मंडळातल्या गायिकेचं काय? तिच्या करारात ‘आवाजाचा कोणत्याही तंत्राने वापर’ असे शब्द आले तर ते खोडून घ्या. आवाज फक्त याच गाण्यापुरता, आणि त्यावरून एआयनं नवा आवाज बनवायला तिची वेगळी लेखी परवानगी लागेल, असं कलम घाला. आणि हे सगळं सहीच्या आधी, तिला समोर बसवून, तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा.