ट्रेलरच्या फ्रेमला स्वे बार लावताय? या चुका टाळा

अमेरिकेत पहिला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलेला माणूस हायवेवर तो मागे डोलायला लागला की घाबरतो, स्वे बारचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलरमध्ये बसून घर्षणाने डोलणं दाबणाऱ्या सरकत्या दांडीचं, किट आणतो आणि एका दुपारी बसवून मोकळा होतो. टंगवरचं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडणीच्या दांडीवरचं, वजन मात्र मोजत नाही. याच्याइतकी घातक चूक दुसरी नाही.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर हवा. ट्रेलर ६,००० पौंडांचा असेल तर ६०० ते ९०० पौंड. जनरेटर, सायकली, पाणी सगळं चाकांच्या मागे लादलं की टंग हलकी होते आणि ट्रेलर डोलतो. घर्षणाचा बार हे डोलणं फक्त दाबून ठेवतो. वेग वाढला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ते पुन्हा उसळतं. ट्रक स्टॉपच्या काट्यावर गाडी आधी एकटी उभी करा, मग ट्रेलर जोडून पण स्प्रिंग बार (टंगचा भार वाटून देणाऱ्या, चेनने ताणायच्या दांड्या) न ताणता. दुसऱ्या वेळी गाडीच्या चाकांवर जेवढं वजन वाढलं, तेवढा टंगचा भार. कमी असेल तर सामान पुढे घ्या. ड्रिल त्यानंतर.

दुसरी चूक जागेची. स्वे बारचं मागचं टोक धरणारा, प्लेटने फ्रेमला स्क्रू केलेला सव्वा इंची छोटा बॉल बहुतेक किटमध्ये मुख्य बॉलच्या मागे २४ इंचांवर बसतो. माप मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायचं. कपलरच्या (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाच्या) टोकापासून टेप लावला की चुकलंच. नेमका तिथेच गॅस सिलिंडरचा ट्रे आडवा येतो, आणि ‘चार इंच पुढे घेतला तर काय बिघडतं?’ म्हणत प्लेट पुढे सरकते. बिघडतं ते असं: बार सुरुवातीपासूनच जास्त आत गेलेला राहतो. कॅम्पग्राउंडमध्ये त्याच बाजूला कडक वळण घेत ट्रेलर मागे घेतला की बारला आत सरकायला जागा उरत नाही आणि गाडीचा सगळा जोर प्लेटच्या स्क्रूंवर येतो. बार वाकतो, स्क्रू निघतात, गोल भोकं लांबट होतात. कडेला रंग उडून चकचकीत लोखंड दिसतं आणि पुढच्या पावसात तिथून तपकिरी ओघळ उतरतो. अशा भोकात जाड स्क्रू कोंबू नका. फ्रेमचं काम जाणणाऱ्या वेल्डरला दाखवा. ट्रे सरकवायला तासभर जातो, पण सरकवायचा तो ट्रेच. आणि जागा बरोबर असली तरी मागे घेण्याआधी बार काढायचाच. दोन मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

भोक पाडण्याआधी सिलिंडर बंद करा, बॅटरी सोडा आणि खाली झोपून टॉर्चने फ्रेमची आतली बाजू बघा. ब्रेकची वायर किंवा गॅसची नळी तिथूनच गेलेली असू शकते. भोकं फ्रेमच्या उभ्या बाजूत पाडा, वरच्या किंवा खालच्या पट्टीत कधीच नाही. वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. बिट किटच्या कागदावर लिहिलेल्या मापाचाच घ्या. सेल्फ-टॅपिंग स्क्रूचे शेवटचे आटे हाताने, पान्याने आवळा. इम्पॅक्ट ड्रायव्हरने घाई केली की पातळ फ्रेममधले आटे सोलून निघतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. उघड्या कडांना लगेच प्रायमर लावा.

स्प्रिंग बारच्या चेनच्या ब्रॅकेटचा बोल्ट जोर लावून आवळत सुटू नका, पोकळ फ्रेमला पोचा पडतो. स्वे बारच्या सरकत्या पट्टीला तेल किंवा ग्रीस लावू नका, तिचं काम घर्षणावरच चालतं. सर्ज ब्रेकच्या (गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या) ट्रेलरला हा बार लावूच नका. पावसात, बर्फात, खडीवर हँडल सैल करून ताण काढा. हँडल फक्त ताण लावायला-काढायला असतं, तो कमी-जास्त करायला वेगळा बोल्ट असतो.

सगळं आवळून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पेंट मार्करची एक रेघ ओढा. पहिल्या ५० मैलांनंतर थांबा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय. टॉर्क रेंच बाहेर काढून तो तिथेच आवळा.