आय६च्या बॅटरीला हात घालायच्या आधीची तयारी

फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), माझाही तोच, आणि काही महिने त्यात पेन्सिल सेल टाकून टाकून वैताग आला की डोक्यात एकच येतं, आत लिथियम बसवून टाकू. बसवा ना, पण सामान आणायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जास्त एमएएच (बॅटरीची क्षमता) मिळणं नंतरचं, बॅटरी उतरत आलीय हे रेडिओने वेळेत ओरडून सांगणं आधीचं. विमानातला बॅटरी पॅक उतरला तर मोटर मंदावते, आपल्याला कळतं, कसंबसं का होईना उतरवता येतं. हातातला रेडिओ बंद पडला तर काहीच करता येत नाही, नुसतं बघत राहायचं.

तर सगळ्यात आधी मल्टिमीटर काढा, नसेल तर आधी तो घ्या, बाकी सगळं त्यानंतर. आय६मध्ये ४ एए सेल लागतात, साध्या अल्कलाइनचे मिळून ६ व्होल्ट, आणि ४.२ व्होल्टच्या खाली गेला की रेडिओ बीप करायला लागतो. आता हा ४.२ चारने भागा, एका सेलला १.०५ येतो. एनआयएमएच म्हणजे रिचार्जेबल पेन्सिल सेल साधारण तिथेच रिकामा व्हायला येतो, म्हणजे या रेडिओचा अलार्म या सेलला आपोआपच जुळतो. म्हणून माझ्या मते यादीतलं पहिलं नाव लिथियमचं नाहीच, पॅनासॉनिक एनेलूपसारखे, पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे ४ चांगले सेल आणि प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर. सोल्डरिंग नाही, काही उघडायचं नाही. चौघांवर मार्करने नंबर टाका, चौघे कायम एकत्रच वापरा आणि एकत्रच चार्ज करा, मध्येच घड्याळातला जुना सेल घुसवू नका. चार्जरवरून काढल्या काढल्या चौघांचे मिळून ५.६च्या आसपास दिसतील, थोड्या वेळात ५च्या जवळ येऊन बराच वेळ तिथेच थांबतील आणि शेवटी एकदम घसरतील, त्यामुळे बीप सुरू झाली की अजून एक राउंड मारू असा विचार करायचा नाही, सरळ लँडिंग.

त्याच वेळी रेडिओ करंट किती खातो तेही मोजून ठेवा, मीटर सिरीजमध्ये लावून, मीटरची लाल वायर करंटच्या सॉकेटमध्ये घालायला विसरू नका (आणि मोजून झालं की ती परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर सरळ शॉर्ट). समजा १०० मिलीअँपिअर आले तर २००० एमएएचचा सेट कागदावर २० तास चालतो, मी त्यातले १५ धरीन. रविवारी सकाळी दोन-तीन तास उडवणाऱ्याला आणखी काय पाहिजे? बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. डब्यातल्या स्प्रिंगा मात्र बघून घ्या. जुना अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरट-हिरवट थर दिसेल, कानातल्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळू द्या. सैल स्प्रिंगमुळे रेडिओ क्षणभर बंद होऊन परत सुरू होतो आणि आपण दोष विमानातल्या रिसीव्हरला देत बसतो.

तरीही लिथियमच पाहिजे असेल तर पुढची तयारी जरा मोठी आहे. दोन १८६५० (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले गोल लिथियम सेल) सिरीजमध्ये म्हणजे नावाला ७.४ व्होल्ट पण फुल चार्ज ८.४, आणि रेडिओवर लिहिलंय ६. डायरेक्ट लावून चालवणारे आहेत, मी लावत नाही आणि लावा असं सांगणारही नाही. मध्ये एक छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करून देणारं मॉड्यूल) घ्या, एमपी१५८४ चिपवाला चालतो, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. रेडिओला जोडायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, पॅक लावून मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवत, आउटपुट मीटरवर बघत बघत ५.५ ते ६च्या मध्ये आणा, कारण ही मॉड्यूल येताना कितीवरही सेट केलेली असतात, आणि मग त्या बारीक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे धक्क्याने फिरणार नाही.

आता खरा मुद्दा. कन्व्हर्टर पॅक भरलेला असो की संपत आलेला, रेडिओला शेवटपर्यंत तेवढेच व्होल्ट देत राहतो, म्हणजे स्क्रीनवर कायम मस्त आकडा दिसतो आणि ४.२चा अलार्म वाजायची वेळच येत नाही. मग पॅकवरचं प्रोटेक्शन सर्किट कट करतं आणि रेडिओ एकदम मेलेला. माझं असंच झालं होतं, फोमचं ट्रेनर विमान हवेत, स्क्रीनवर ५.८, आणि पुढच्या सेकंदाला स्क्रीन काळी. फेलसेफमध्ये (रेडिओचा सिग्नल गेला की विमानाने काय करायचं ती सेटिंग) थ्रॉटल म्हणजे मोटरचा वेग शून्यावर ठेवलेला होता म्हणून मोटर थांबली आणि विमान उसात जाऊन पडलं, कोणाला लागलं नाही. तेव्हापासून माझ्या यादीत कन्व्हर्टरच्या आधी बझर येतो, तोच तो पॅकच्या बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलची वायर बाहेर आलेला छोटा प्लग) लावायचा छोटा लायपो अलार्म, तो थेट सेलचे व्होल्ट बघतो, कन्व्हर्टरचे नाही. प्रत्येक सेलला ३.५वर सेट करा आणि घरीच एकदा पॅक तिथपर्यंत उतरवून खरंच वाजतो का ऐका.

सेल घेताना ९९००, ६८०० असले आकडे छापलेले १८६५० हातात आले तर जागेवर ठेवून द्या, चांगल्यातला चांगला १८६५० साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. घरी किचनच्या काट्यावर वजन करा, खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, हलका असेल तर काहीतरी गडबड आहे. सेलवर डायरेक्ट सोल्डर लावू नका, स्पॉट वेल्ड केलेला तयार पॅक घ्या नाहीतर होल्डर. आणि हे मोजून बघा, १८६५० हा १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, एए १४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब, म्हणजे मूळ डब्यात तो जाणारच नाही, चपटा २एस लायपो (दोन सेलचा लिथियम पॅक) कदाचित बसेल पण झाकण दाबून लावावं लागत असेल तर नको, लायपोवर सतत दाब चांगला नाही.

एएच्याच साइजचे १४५०० नावाचे लिथियम सेल मिळतात, ते बघून ‘अरे हे तर थेट बसतात’ असं वाटतं. बसतात, पण एकेक ३.७चा आहे, असे चार फुल चार्ज करून टाकले तर १६.८ व्होल्ट, रेडिओ गेला. पॉवर बँक मागे चिकटवायची आयडियाही सोडा, बऱ्याच पॉवर बँक कमी करंटला काही वेळाने आपोआप बंद होतात.

चार्जिंग पॅक बाहेर काढून, बॅलन्स चार्जरवर (पॅकमधले सगळे सेल सारखे भरणारा), डोळ्यासमोर. (ज्यांच्याकडे फ्रस्कायचा टॅरॅनिस एक्स९डी प्लस रेडिओ आहे त्यांनी जास्त सांभाळा, जुन्या मॉडेलमध्ये आत ६ सेलच्या एनआयएमएचसाठीचा चार्जर असतो, लिथियम बसवल्यावर त्या जॅकला अ‍ॅडॉप्टर लावायचाच नाही.)

उघडायच्या दिवशी टेबल रिकामं, स्क्रूसाठी वाटी, आणि मागचं कव्हर उचलल्या उचलल्या मोबाईलवर फोटो. कव्हर हळू उचला, आत वायरी जोडलेल्या असतात. प्लस-मायनस वायरीच्या रंगावरून ठरवू नका, मीटरने बघा. डब्याच्या वायरी कापून टाकू नका, मध्ये कनेक्टर लावा म्हणजे परत पेन्सिल सेलवर येता येईल, फक्त डब्यात सेल आणि बाहेर पॅक असं दोन्ही एकदम जोडलेलं कधीच नको.

मग लगेच फील्डवर पळायचं नाही. विमानाचा प्रॉप (पंखा) काढून ठेवा, रेडिओ आणि रिसीव्हर चालू करून दर १५ मिनिटांनी पॅकचे व्होल्ट वहीत लिहा, एका सुट्टीच्या दिवसात तुमच्या पॅकचा पूर्ण उतार कळतो. मध्येच कन्व्हर्टरला बोट लावून बघा किती तापतोय. फेलसेफ परत चेक करा, रेडिओ बंद केला की थ्रॉटल शून्यावर गेलाच पाहिजे. मग मोकळ्या मैदानात मित्राला मॉडेलजवळ उभं करून रेडिओ घेऊन लांब चालत जा, आधी पेन्सिल सेलवर, मग नव्या पॅकवर. कन्व्हर्टरमुळे रेंजला काही फरक पडत असेल तर तो जमिनीवरच दिसू दे.

आणि रेडिओचं स्विच बंद केलं तरी त्याच्या आधी जोडलेला कन्व्हर्टर आणि तो बझर पॅकमधून थोडं थोडं खातच राहतात, महिनाभर तसंच राहिलं तर सेल कायमचे बाद होऊ शकतात, त्यामुळे घरी आलं की पॅकचा प्लग आधी काढायचा. पहिले काही रविवार ते नंबर टाकलेले ४ सेल बॅगेत असू द्या.