लहान मुलांना घेऊन लंडन पाहताना या चुका टाळा

लंडनला सहकुटुंब जाणाऱ्या बहुतेकांची ठिकाणांची यादी विमानात बसण्याआधीच पक्की झालेली असते. टॉवर ऑफ लंडन, बकिंगहॅम राजवाडा, संग्रहालये, टेम्स नदीवरची फेरी. यादी करण्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक दिवस त्या यादीवरून आखला, की अडचणी सुरू होतात. चार वर्षांच्या मुलाचा दिवस त्याची झोप, भूक आणि पायांतले बळ यांवर चालतो. त्यामुळे सकाळी एकच मोठे ठिकाण पाहावे आणि दुपारनंतर त्याच परिसरातली मोकळी जागा गाठावी. या आखणीत यादीतली निम्मी ठिकाणे गळतील, पण उरलेली मुलांना खरोखर पाहता येतील.

पहिल्या दोन दिवसांचे आरक्षण

भारताच्या तुलनेत लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. त्यामुळे मुले पहाटे तीन-चारला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पेंगू लागतात. अशा वेळी पहिल्याच संध्याकाळी नाटकाची किंवा बाहेर जेवणाची महागडी आगाऊ तिकिटे काढणे म्हणजे पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही घालवणे होय. पहिले दोन दिवस संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि पहाटेच्या भुकेसाठी खोलीत दूध, फळे, पाव आणून ठेवावा. ऋतूचाही विचार करावा. डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असल्याने मुलांना झोपवण्यासाठी खोलीला जाड पडदे असणे गरजेचे ठरते.

नकाशावर जवळ, पायांना लांब

सर्वाधिक हाल होतात ते भुयारी रेल्वेत. ही रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली आणि आजही तिच्या साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता-उतरता जाता येते. बाबागाडी, पाठीवरची पिशवी आणि कडेवर झोपलेले मूल अशा अवस्थेत एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाताना किती जिने लागतात, हे नकाशातल्या रंगीत रेषा सांगत नाहीत. कॉव्हेंट गार्डन स्थानकात लिफ्टसमोरची गर्दी पाहून लोक शेजारच्या गोल जिन्याकडे वळतात. त्या जिन्याला 193 पायऱ्या आहेत. तिथे जायचेच असेल, तर लेस्टर स्क्वेअरहून पायी जाणे सोपे, कारण दोन स्थानकांमधले अंतर काही मिनिटांचेच आहे.

यावरचा उपाय निवासाच्या निवडीपासूनच सुरू होतो. प्रेक्षणीय स्थळाजवळची चिमुकली खोली घेण्यापेक्षा, पायऱ्यांविना पोहोचता येणाऱ्या स्थानकाजवळची थोडी दूरची जागा कुटुंबाला अधिक सोयीची पडते. किंग्ज क्रॉस, स्ट्रॅटफर्ड, ईलिंग ब्रॉडवे, वेम्बली पार्क ही अशी स्थानके आहेत. यांपैकी वेम्बलीच्या परिसरात भारतीय किराणा आणि शाकाहारी जेवणही सहज मिळते. 2022 मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावरच्या सर्व स्थानकांत फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते आणि हा मार्ग हीथ्रो विमानतळालाही जोडलेला आहे. सामानासह पहिला प्रवास याच गाडीने करावा.

शहरात फिरण्यासाठी मात्र बसला तोड नाही. ती सावकाश जाते हे खरे; पण तिची फरशी जमिनीलगत असते, बाबागाडीसाठी जागा असते आणि मुलाला वरच्या मजल्यावरच्या पुढच्या आसनावर बसायला मिळाले, तर तो प्रवास हेच त्याच्यासाठी प्रेक्षणीय स्थळ असते. चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती आल्यास ती जागा तिला द्यावी लागते, म्हणून बाबागाडी पटकन मिटवता येईल अशी हलकी घ्यावी. पूर्व लंडनमधली डॉकलँड्स लाइट रेल्वे हाही उत्तम पर्याय आहे. तिच्या गाड्यांना पुढे चालकाची खोली नसल्यामुळे मुले अगदी समोरच्या काचेपाशी बसून ग्रीनिचपर्यंत जाऊ शकतात.

तिकिटांतली चूक अगदी साधी, पण खर्चिक आहे. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर बस आणि भुयारी रेल्वेत मोफत प्रवास करता येतो. तरीही काही पालक त्यांच्यासाठी वेगळे तिकीट काढतात. मोठ्यांपैकी प्रत्येकाला मात्र स्वतःचे ऑयस्टर (आगाऊ पैसे भरून वापरायचे लंडनचे प्रवासकार्ड) किंवा यंत्राला नुसते टेकवून चालणारे बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड भरलेला फोन असे आलटून-पालटून वापरल्यास यंत्रणा ती दोन वेगळी खाती धरते आणि दिवसाच्या कमाल भाड्याच्या मर्यादेचा लाभ हातचा जातो. 25 डिसेंबरला शहरातली बस आणि रेल्वे दोन्ही पूर्ण बंद असतात, हे नाताळच्या सुटीत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

संग्रहालय मोफत आहे म्हणून सगळे पाहणे

साउथ केन्सिंग्टनमधले नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि शेजारचे सायन्स म्युझियम या दोन्ही ठिकाणी सर्वसाधारण प्रवेश मोफत आहे, म्हणून अनेक कुटुंबे दोन्ही एकाच दिवसात उरकू पाहतात. खरे तर प्रवेश मोफत असल्यामुळेच पुन्हा येण्याची मुभा असते. एका दिवशी निळ्या देवमाशाचा छताला टांगलेला 25 मीटर लांबीचा सांगाडा आणि डायनोसॉर एवढेच पाहून बाहेर पडावे. मोफत तिकिटाची वेळ आधी राखून दहाला दार उघडतानाच पोहोचावे. इंग्लंडच्या शाळांना ऑक्टोबरच्या अखेरीस आणि मेच्या अखेरीस आठवड्याची सुटी असते आणि आपली दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी तिच्याशी गाठ घालते. त्या आठवड्यात या संग्रहालयांत तोबा गर्दी असते.

ब्रिटिश म्युझियम पाहून थकलेल्या मुलांसाठी ब्लूम्सबरीतच कोरम्स फील्ड्स हे क्रीडांगण आहे. 1739 मध्ये स्थापन झालेल्या अनाथालयाच्या जागेवरच्या या क्रीडांगणात मूल सोबत असल्याशिवाय मोठ्या माणसाला प्रवेश मिळत नाही. उत्तर लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. मराठी कुटुंबाने तिथे जावेच, पण भेटीच्या वेळा आधी पाहाव्यात आणि नंतर जवळच्या प्रिमरोझ हिलच्या हिरवळीवर मुलांना मनसोक्त धावू द्यावे.

खाणे

भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आजीने दिलेले पेढे आणि बर्फी विमानतळावर जप्त होऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला सवलत आहे. ती नामांकित कंपनीची, बंद डब्यातली, फ्रिजशिवाय टिकणारी आणि दोन किलोपर्यंत असावी. मेतकूट, नाचणीचे सत्त्व असे कोरडे, दूध नसलेले पदार्थ सोबत असले, की एक वेळचा भात खोलीतच होतो. इंग्लंडमधली मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, म्हणून दूध, दही, फळे शनिवारीच आणावीत. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. प्रत्येकाने बाटली जवळ ठेवावी. भुयारी रेल्वेच्या कित्येक स्थानकांत स्वच्छतागृह नसल्यामुळे संग्रहालयातून निघताना मुलांना आठवणीने नेऊन आणावे.

आजारपण आणि चुकामूक

विमा न काढता जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रुग्णालयातल्या अपघात विभागात तपासणीचे पैसे पडत नाहीत, पण मुलाला दाखल करावे लागले, तर परदेशी पाहुण्यांकडून खर्चाच्या दीडपट रक्कम घेतली जाते. साध्या तापाला औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट सल्ला देतो, तातडीचा पण जिवावर बेतलेला नसलेला प्रश्न 111 या क्रमांकावर विचारता येतो आणि प्राणांतिक संकटात 999 फिरवावा. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मुलाची नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

गर्दीच्या फलाटावर आईवडील गाडीत चढले आणि मूल खाली राहिले, तर काय करायचे हे निघण्याआधीच मुलांशी बोलून ठेवावे. मुलाने जागचे हलायचे नाही आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचे. मोठ्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून तिथल्या कर्मचाऱ्यांना कळवायचे आणि परत यायचे. बोलता न येणाऱ्या मुलाच्या खिशात पालकांचा तिथे चालू असलेला फोन क्रमांक देशाच्या संकेतांकासह लिहिलेली चिठ्ठी असावी. सकाळी हॉटेलमधून बाहेर पडताना मुलांचा एक ताजा फोटो काढावा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे कर्मचाऱ्यांना लगेच दाखवता येतात.