माणसासारखा प्राणी रेखाटताना : शरीररचना, भाव आणि फरी रसिकांशी व्यवहार

दोन पायांवर चालणारा, कपडे घालणारा, बोलणारा प्राणी रेखाटायचा असेल, तर पेन्सिल हाती घेण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो : या पात्रात माणूस किती आणि प्राणी किती? क्योटो येथील कोझान-जी मंदिराच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील प्रसिद्ध चित्रगुंडाळ्यांमध्ये ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, पण त्यांची शरीरे बव्हंशी प्राण्यांचीच राहतात. माणूसपण आहे ते त्यांच्या कृतीत. याउलट दक्षिण जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत सापडलेली, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची मूर्ती माणसासारखी ताठ उभी आहे आणि तिचे मस्तक सिंहाचे आहे. आपल्याकडील नृसिंहाच्या मूर्ती याच दुसऱ्या वाटेने जातात. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. मात्र निर्णयच घेतला नाही, तर माणसाच्या धडावर कुत्र्याचा मुखवटा चढवल्यासारखे चित्र दिसते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चित्रांत हाच दोष आढळतो. म्हणून सुरुवातीला प्राण्याला झुकते माप द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणादाखल कोल्हा घेऊ. पंचतंत्रातील करटक आणि दमनक आपल्या परिचयाचे आहेत. पण इंटरनेटवर कोल्ह्याची चित्रे शोधली की केशरी अंगाचा आणि पांढऱ्या शेपूटटोकाचा वेगळाच प्राणी समोर येतो. आपल्या शिवारातला कोल्हा मातकट पिवळसर-करडा असतो आणि त्याच्या शेपटीचे टोक काळपट असते. त्याच माळरानावरचे खोकड अंगाने लहान, मोठ्या कानांचे आणि निमुळत्या तोंडाचे असते. इतरांच्या शैलीची नक्कल करण्याआधी खऱ्या प्राण्याची छायाचित्रे समोर ठेवून निदान काही पाने भरावीत.

सर्वाधिक कस लागतो तो मागच्या पायांत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या मागच्या पायात जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा वाटतो, ती खरे तर टाच असते. खरा गुडघा पोटालगत असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वळतो. म्हणजे हे प्राणी चवड्यांवर चालतात. अस्वल आपल्यासारखी टाच टेकवते, तर घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, खुरावर, उभा असतो. गल्लीतला कुत्रा बसलेला असताना त्याची टाच जमिनीला टेकते आणि उठताना ती वर उचलली जाते. हा क्षण बारकाईने पाहिला की पायाची घडण समजते. कागदावर मांडी, नडगी आणि लांबट पाऊल अशा तीन रेषा आधी काढाव्यात व सांध्यांवर छोटी वर्तुळे द्यावीत. चवड्यावर उभे असलेले पात्र माणसासारखे ताठ ठेवले की ते मागे पडेल असे वाटते. त्यामुळे गुडघे किंचित वाकवून धड थोडे पुढे झुकवावे आणि शेपटीने मागून तोल सावरावा. धडाच्या मध्यातून खाली सोडलेली उभी रेषा चवड्यांच्या दरम्यान आली पाहिजे. हे अवघड वाटत असल्यास टाच टेकलेले मानवी पाय खुशाल काढावेत, फक्त एकाच पात्रात दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

चेहऱ्यासाठी आधी गोल काढून त्यावर पुढे निमुळता होत जाणारा ठोकळा बसवावा, तेच मुस्कट. ओठांचे कोपरे बरेच मागे, डोळ्यांच्या खालपर्यंत पोहोचतात, त्यामुळे हसू मुस्कटाच्या टोकाशी न काढता गालावर पसरवावे. डोळ्यांतही फरक असतो : शेळीची बाहुली आडवी, मांजरीची उजेडात उभ्या फटीसारखी, पण वाघाची गोल. कानांकडे मात्र फार थोडे चित्रकार लक्ष देतात, याचे वाईट वाटते, कारण भीतीने मागे चिकटलेले कान भुवयांपेक्षा अधिक बोलतात. शेपटीचेही तसेच, मांजर चिडले की शेपूट आपटते, तेव्हा तिला कुत्र्यासारखी आनंदाने हलणारी शेपूट देणे चूक आहे. शेपूट माकडहाडापासून निघते, म्हणून विजारीला त्या जागी भोक हवे. फरचा प्रत्येक केस काढू नये. गाल, कोपर आणि शेपटीच्या कडेला मोजके झुपके पुरतात.

अशी चित्रे काढू लागल्यावर फरी, म्हणजे माणसासारख्या प्राणीपात्रांची आवड असलेल्या, रसिकवर्गाशी गाठ पडतेच. १९८०च्या दशकात अमेरिकेतील विज्ञानकथा संमेलनांमध्ये आणि हौशी चित्रनियतकालिकांमध्ये तो आकाराला आला, १९८९ साली कॅलिफोर्नियात त्याचे पहिले स्वतंत्र संमेलन भरले, आणि २००६ पासून पिट्सबर्गमध्ये भरणाऱ्या अँथ्रोकॉन या फरी संमेलनाला आता हजारो लोक येतात. बातम्यांत फरसूट, म्हणजे प्राणीपात्राचा केसाळ पोशाख, घातलेले लोकच दिसतात, पण अनेकांकडे तसा पोशाख नसतो. ते चित्रे काढतात, लिहितात, किंवा स्वतःचे प्राणीरूप, म्हणजे फर्सोना, मनाशी जपतात. त्यांची टिंगल करणे मला अन्यायकारक वाटते, कारण चित्रकाराला पैसे देऊन मूळ चित्र काढून घेण्याची सवय इतकी रुजलेले रसिकवर्ग थोडे आहेत. या वर्गात प्रौढांसाठीची चित्रेही असतात. ती स्पष्ट खूण करून वेगळी ठेवण्याचा नियम कसोशीने पाळावा आणि मुलांसाठी काम करणाऱ्याने दोन्ही कामांची इंटरनेटवरील खाती निराळी ठेवावीत.

दुसऱ्याचा फर्सोना त्याच्या परवानगीशिवाय रेखाटून विकू नये, आणि कुणाच्या चित्रावर कागद ठेवून गिरवलेले काम स्वतःचे म्हणून मांडू नये. कमिशन, म्हणजे पैसे घेऊन चित्र काढून देण्याचे काम, घेताना पात्राची रेफरन्स शीट मागून घ्यावी. तीत पुढून, मागून व बाजूने दिसणारे रूप, रंग आणि अंगावरचे ठिपके-पट्टे असतात. तुमच्याच पात्राची अशी शीट करताना पाठीमागचे रूप विसरू नये, कारण शेपटीचा उगम आणि पाठीवरचे पट्टे तिथेच कळतात. कच्चे रेखाटन मंजूर झाल्यावरच पक्क्या रेषा काढाव्यात. किती बदल मोफत, आगाऊ रक्कम किती आणि ग्राहकाला चित्र छापून विकता येईल की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे.