स्पोर्ट्स कार कोकणात ठेवताय? मग या चुका टाळा

मध्यंतरी एक गृहस्थ २०१४ ची पॉर्श केमन घेऊन माझ्या गॅरेजवर आले. चहा यायच्या आधीच प्रश्न, "आयएमएस बेअरिंग बदलून घेऊ का?" पॉर्शच्या साधारण १९९७ ते २००८ मधल्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ मध्ये इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टला हे बेअरिंग असायचं. ते फुटलं की इंजिनच हातचं जायचं, हे खरं. पण २००९ च्या मॉडेलपासून केमनला जे नवं इंजिन आलं, त्यात ती शाफ्टच नाही. नसलेलं बेअरिंग मी बदलू कुठून? टायरच्या कडेला मात्र शेवटचे चार आकडे होते २७१५, म्हणजे २०१५ सालचा सत्ताविसावा आठवडा. "नक्षी अजून छान आहे की," म्हणाले. नक्षी असेल हो, रबर दगड झालंय त्याचं काय?

असे लोक सारखे भेटतात. परदेशातल्या मालकांची दुखणी तोंडपाठ आणि स्वतःच्या गाडीखाली एकदाही वाकून पाहिलेलं नाही. इकडे गाडी बिघडते ती खाऱ्या वाऱ्याने, चार महिन्यांच्या पावसाने आणि नुसती पडून राहिल्याने.

रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं

माझा सगळ्यात जास्त राग या सल्ल्यावर आहे. चाकरमानी शिमग्याला गाडी गावच्या घरी ठेवतो आणि थेट गणपतीला उगवतो. जाताना घर राखणाऱ्या माणसाला बजावतो, "रोज सकाळी पाच मिनिटं स्टार्ट कर." तो बिचारा इमानाने करतो, आणि तिथेच घात होतो. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं ते पाच मिनिटांत भरून येत नाही. पेट्रोल जळताना वाफ होते, ती थंड इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. पाण्याचा काटा चटकन मध्यावर येतो म्हणून गाडी तापली असं वाटतं. ऑइल तापायला मात्र पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर पळवावी लागते.

असाच एक मालक रडकुंडीला येऊन उभा राहिला. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून ताकावर तरंगणाऱ्या लोण्यासारखा पिवळट साका. कुणीतरी 'हेड गॅस्केट गेलं, कूलंटचं पाणी ऑइलमध्ये उतरतंय' म्हणून सांगून इंजिन उघडायचा खर्चही काढून दिला होता. मी कूलंट पाहिलं, पातळी जिथल्या तिथे आणि रंग स्वच्छ. ऑइल आणि फिल्टर बदलला आणि त्याला म्हटलं, लांज्यापर्यंत जाऊन या, वाटेत कुठे थांबू नका. परत आल्यावर झाकण पुसलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडलं. कोरडं. पावसाळाभर रोजच्या पाच मिनिटांनी जमवलेलं पाणी होतं ते.

माझी सवय सांगतो. एक तर गाडी तीस-चाळीस किलोमीटर नीट चालवा, नाहीतर चावीला हात लावू नका. बॅटरीला मेंटेनर चार्जर, म्हणजे ती हळूहळू भरती ठेवणारा चार्जर, लावून ठेवा. वीज गेली तरी आल्यावर आपलं काम पुन्हा सुरू करणारा घ्या. टाकी गच्च भरा, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि रिकाम्या टाकीत हवाच जास्त. हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अर्धा चिरा लावा. आमच्याकडे चिऱ्यांना काय तोटा!

पुळणीवर गाडी उतरवणं

चार पोरं रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर रील करायला गेली. दोन सीटची गाडी, जमिनीपासून जेमतेम पाच इंच. (चार पोरं दोन सीटमध्ये कशी मावली हे मी विचारलं नाही.) पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाच पाऊणे पावणेचार. हे उतरले साडेबाराला, म्हणजे पाणी चढायला लागून बराच वेळ झालेला. ओल्या घट्ट वाळूवर गाडी मजेत पळाली, परत वर येताना भुसभुशीत वाळूत मागची चाकं रुतली. मग अॅक्सिलरेटर दाबत बसले. दाबाल तेवढी ती खाली जाते.

मला फोन आला तेव्हा लाटा चाकाला लागत होत्या. मी पोचेपर्यंत कुणी ट्रॅक्टर आणला होता आणि दोर बांधला होता चाकाच्या सस्पेन्शन आर्मला! गाडी ओढायचा टो हुक टूल किटमध्ये पडून होता. पुढच्या बंपरवरची टिकली काढून तो आट्याने फिरवून बसवायचा असतो, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. गाडी निघाली, आर्म वाकला.

खरी गंमत पुढे. संध्याकाळी शाम्पू लावून गाडी चकचकीत धुतली, फक्त वरून. तीन महिन्यांनी एबीएसचा दिवा लागला. चाकाजवळच्या सेन्सरचा कनेक्टर उघडला तर पितळी भांड्यात आमटी ठेवल्यावर येतो तसा हिरवा कळंक. तो साफ केला, तर काही दिवसांनी चाकाचं बेअरिंग घरघरायला लागलं. मालकाचं निदान तयार होतं: "या कंपनीच्या गाड्यांचा भरवसाच नाही."

समुद्राचं पाणी लागलंच तर त्याच दिवशी गाडी खालून धुवा. अर्धा तास, साध्या पाइपने, चाकांच्या आतून. आणि पाणी आधी जिभेवर ठेवून बघा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ असतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ धुवायला मीठच.

थोडक्यात आणखी काही

माडाखाली गाडी लावू नका. का, ते विचारू नका.

आंब्याखालीही नको, चीक रंग खातो.

प्लास्टिकची ताडपत्री नको. खाली घाम धरतो.

डांबरगोळ्यांना उंदीर भीत नाहीत. बंद शेड असेल तर मी बॉनेट उघडं टाकून ठेवतो आणि पिंजरा लावतो.

फेरीबोटीवर ओहोटीला चढू नका. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, पाणी उतरलं की रॅम्प उभा होतो आणि पुढचा बंपर खरवडतो. भरतीच्या आसपास जा.

ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो. डॉट ४ जातीचं फ्लुइड कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा प्यायल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. आंबा घाट जोरात उतरताना ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागलं, तर कारण बहुधा हेच.

उघड्या टपाच्या गाडीची भोकं

कापडी टपाच्या खाचेत पाणी वाहून जायला भोकं असतात, त्यांतून नळ्या खाली जातात. त्यांत पाचोळा बसला की पाणी आत शिरतं, आणि काही गाड्यांत लॉक-अलार्मचं युनिट नेमकं सीटखाली असतं. मग सकाळी दार उघडत नाही आणि रिमोटची बॅटरी बदलण्यात आठवडा जातो. कंप्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सुटते. ती घाई करणाऱ्यांची सीट मी तीनदा काढली आहे. मासेमारीच्या दुकानातून जाड तंगूस आणा, टोक विस्तवावर धरून गोल करा आणि हळूहळू आत सारा. हे मिरगाआधी करायचं. मग तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाका. चाकाजवळ टपटप ऐकू आली की दुसऱ्या बाजूला जा.