दोघांची स्वस्तातली वीकेंड ट्रिप : या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री परत यायचं. हातात साधारण ४८ तास. त्यातले १६ झोपेत गेले, प्रवासात आठ गेले, तर शहरासाठी उरले २४. स्वस्त ट्रिप आखताना बहुतेक जोडपी पैशाचा हिशोब काटेकोर ठेवतात आणि या २४ तासांचा ठेवतच नाहीत. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

तिकीट स्वस्त, विमानतळ लांब

विमान कंपनीने तिकिटावर ‘पॅरिस’ लिहिलं म्हणून विमान पॅरिसला उतरतंच असं नाही. ‘पॅरिस-बोवे’ हा विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. ‘फ्रँकफर्ट-हान’ तर फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. तिथून शहरात यायला बस, परत जायला बस आणि माणसं दोन, म्हणजे चार तिकिटं. शिवाय येता-जाता मिळून तीन-चार तास. तिकिटात वाचलेले पैसे इथे निघून जातात आणि २४ तासांचे २० होतात.

मी एकच आकडा काढते. घराच्या दारापासून परत घराच्या दारापर्यंतचा दोघांचा सगळा खर्च घ्यायचा आणि शहरात जागेपणी जेवढे तास मिळणार तेवढ्याने भागायचा. असं केलं की बऱ्याचदा जरा महाग तिकीटच स्वस्त ठरतं. वीकेंडसाठी शहर निवडतानाही हाच आकडा कामाला येतो. तीन-चार तासांच्या रेल्वेवर असलेलं, फारसं नाव नसलेलं शहर दूरच्या प्रसिद्ध शहराला सहज मागे टाकतं.

तिकीट आधीच काढून झालं असेल, तर आज दोन गोष्टी तपासा. विमान उतरल्यानंतरची शेवटची बस किती वाजता आहे? आणि भाड्यात कोणती बॅग धरलेली आहे? कितीतरी स्वस्त भाड्यांत फक्त सीटखाली मावणारी छोटी बॅग असते. मोठ्या बॅगेचे पैसे गेटवर भरायची वेळ आली की ते सहसा सगळ्यात महाग पडतात. दोन दिवसांसाठी दोघांत मिळून एक बॅग वाढवून घेतली तरी पुरते, आणि ती घरूनच ऑनलाइन घ्यावी.

रात्रीच्या बसने जाऊन एका रात्रीचं हॉटेल वाचवायचं, हाही लाडका बेत असतो. बसमध्ये दोघांनाही खरोखर झोप लागत असेल तर जरूर करा. पण बस सकाळी सहाला पोहोचते आणि खोली दुपारी दोनला मिळते. आम्ही एकदा हे आठ तास बाकांवर पेंगत काढले. त्या शहराची सकाळ मला आजही आठवत नाही. असं आरक्षण झालंच असेल, तर हॉटेलला आधी कळवून सकाळी बॅगा ठेवता येतील का आणि अंघोळीची सोय होईल का, हे विचारून घ्या.

खोलीचा फसवा दर

शहराबाहेरची खोली स्वस्त दिसते. पण रोज जाऊन-येऊन दोघांची चार तिकिटं, म्हणजे दोन दिवसांची आठ. त्यात एखाद्या रात्री शेवटची मेट्रो चुकली की टॅक्सी आली. मोठ्या शहरात मध्यवस्तीच हवी असा माझा आग्रह नाही, पण खोली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत हवी आणि रात्री उशिरापर्यंत गाडी हवी. ऑफिसांच्या भागातली हॉटेलंही एकदा बघाच. कामासाठी येणारे लोक शुक्रवारी निघून जातात, त्यामुळे तिथले शनिवार-रविवारचे दर अनेकदा उतरतात.

हॉस्टेलमधल्या पलंगाचा दर माणशी असतो, हॉटेलचा दर खोलीचा. एकट्याला हॉस्टेल स्वस्त पडतं. दोघांनी दोन पलंगांची बेरीज केली की ती कधीकधी साध्या खोलीएवढीच भरते आणि एकांतही मिळत नाही.

आणखी एक भर काउंटरवर पडते : पर्यटक कर. बऱ्याच शहरांत तो माणशी, रात्रीमागे असतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. शहराच्या हद्दीत मुक्काम असेल तर ते लागत नाही, मात्र सवलतीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते. दरांची तुलना करताना कर धरलेली शेवटची रक्कमच बघा.

दोघांत एक कार्ड

लंडनच्या मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं आणि दिवसभराचं भाडं एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. पण एका कार्डावर एकच माणूस. दोघांनी एकच कार्ड पाळीपाळीने टेकवलं तर हिशोब बिघडतो. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच खात्याचा फोन टेकवला, तरी यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि मर्यादेचा फायदा जातो. प्रत्येकाने आपलं एक साधन ठरवावं आणि शेवटपर्यंत तेच वापरावं. दिवसाचा पास घेण्याआधी मात्र फेऱ्या मोजा. दिवसात दोनदाच गाडीत बसणार असाल, तर सुटी तिकिटं पुरतात.

बंद दार आणि फुकटची रांग

सोमवार जोडून सुट्टी घेतली आणि संग्रहालय सोमवारसाठी राखून ठेवलं, ही चूक फार सर्रास होते. पॅरिसमधलं ऑर्से सोमवारी बंद असतं, लूव्र मंगळवारी. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र एका वेळी मोजक्याच लोकांना, फक्त १५ मिनिटं बघता येतं. त्याची तिकिटं बरीच आधी संपतात, ऐन वेळी दारात जाऊन उपयोग नसतो. ज्या एका गोष्टीसाठी त्या शहराला जाताय, तिचं तिकीट आधी मिळतंय का ते बघा आणि मगच प्रवासाचं आरक्षण करा.

फुकट प्रवेशाची वेळही जोखून घ्या. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रोज शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो. निवडक चित्रं बघायला तेवढे पुरतात, म्हणून तो मला पटतो. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोफत असतात, पण आत सोडणं दुपारी साडेबारालाच थांबतं आणि रांग लांबलचक असते. दोनच दिवस हातात असताना अख्खी सकाळ रांगेत घालवावी असं मला वाटत नाही.

पैशाबद्दल न बोलणं

याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. एकाच्या मनात ‘स्वस्त’ म्हणजे बाकावर बसून खाल्लेलं सँडविच, दुसऱ्याच्या मनात ‘स्वस्त’ म्हणजे साधी खोली पण एक रात्र छान जेवण. दोघंही समंजस असतात, दोघंही गप्प राहतात. मग शनिवारी संध्याकाळी एका मेन्यू कार्डासमोर उभं राहून भांडण होतं, आणि त्याचा पैशाशी फारसा संबंध नसतो.

निघण्याआधी अर्धा तास बसा. एकूण आकडा ठरवा आणि तो सामायिक पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे रस्त्यात ‘मघाशी मी दिले’ हा विषय निघत नाही. प्रत्येकाने एक गोष्ट अशी सांगावी, की जिथे काटकसर नको. कुणाची गच्चीवरची कॉफी असेल, कुणाची नाटकाची तिकिटं. तेवढ्या दोन गोष्टी न कुरकुरता करायच्या आणि बाकी सगळीकडे हात आखडायचा.

आणि तरीही भांडण झालं तर? आधी काहीतरी खा. सतत चालून पाय दुखत असतात, पोट रिकामं असतं आणि त्या क्षणी कुठलाही निर्णय चुकीचा वाटतो. म्हणून बॅगेत थोडा कोरडा खाऊ आणि भरलेली बाटली ठेवाच. मग दोन तास वेगवेगळे फिरा. त्याला जहाजांचं संग्रहालय बघायचंय आणि तुम्हाला नाही, तर दोन तिकिटं कशाला? संध्याकाळी भेटल्यावर सांगायला काहीतरी नवं असतं.

शनिवारी रात्रीच पैसे संपत आले, तर रविवार बागा, नदीकाठ आणि जुन्या गल्ल्यांसाठी ठेवा. पावसाची शक्यता असेल तर छत असलेली एक मोफत जागाही आधीच शोधून ठेवा.

छोटी गळती

परदेशात कार्डाचं मशीन विचारतं, पैसे तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. आपलं चलन निवडलं की रूपांतराचा दर मशीनवाल्यांचा लागतो आणि तो सहसा महाग असतो. शहराचा नकाशा घरच्या वायफायवरच फोनमध्ये उतरवून घ्या.

रविवारी खोली अकराला सोडायची आणि परतीची गाडी संध्याकाळी सातला, या मधल्या वेळेचा विचार आरक्षण करतानाच करा. बरीच हॉटेलं बॅगा मोफत सांभाळतात. भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये मात्र ठेवायला सहसा कुणी नसतं. मग लॉकरचे पैसे भरा, नाहीतर दोघांनी चाकांच्या बॅगा ओढत जुन्या शहराचे दगडी रस्ते तुडवा. फ्लॅट आधीच घेतला असेल, तर घरमालकाला दोन दिवस आधी विचारा. पुढचा पाहुणा उशिरा येणार असेल, तर पुष्कळदा होकार मिळतो.